घोडी पाण्याला बुजते तेव्हा

संध्याकाळची वेळ आहे. कुणाचे हात पिठात असतील, कुणी धार काढून नुकतीच घरात आली असेल. कामं थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या. मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीवर बोललो. आज घोडीवर बोलायचं आहे.

हसू येईल काहींना. बचत गटाच्या कार्यक्रमात घोडं कुठून आलं? पण आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात फिरून बघा. लग्नाच्या घोड्या आहेत, वीटभट्टीवर विटा वाहणारी तट्टं आणि खेचरं आहेत, मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारी धनगरांची तट्टं आहेत. जनावर मालकाचं म्हणतात. पण त्याला पाणी कोण पाजतं? त्याची लीद कोण काढतं? त्याला काटा लागला तर हळद कोण लावतं? मग हा आपलाच विषय झाला की नाही?

आम्ही म्हणजे दोघी सहयोगिनी आणि पैठण तालुक्यातल्या एका वाडीच्या गटातल्या बाया. वाडीचं नाव सांगत नाही, कारण जिची ही गोष्ट आहे तिनं आम्हाला बजावलं आहे, "घोडीचं नाव सांगा, माझं नको." तर घोडीचं नाव बिजली. पांढरी, सहा वर्षांची, लग्नाची घोडी. आपल्याकडे नवरदेव परण्याला घोडीवर बसून मारुतीच्या देवळात जातो, ते काम बिजलीचं. मागच्या वर्षी या ताईनं गटातून वीस हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं आणि घोडीचा साज केला. झूल, गोंडे, घुंगरं, नवं खोगीर. एका लग्नसराईत कर्ज फिटेल असा हिशेब होता.

मग सप्टेंबर २०२५ आला. त्या महिन्यात आपल्या मराठवाड्यात पावसानं काय केलं ते कुणालाच नव्यानं सांगायला नको. आमच्या वाडीचा ओढा पुढे गोदावरीला मिळतो. ओढ्यावर सिमेंटची फरशी आहे, तिच्यावर शेवाळ धरलं होतं. ताईचे मालक बिजलीला घेऊन परत येत होते. पाणी वीतभरच होतं, पण घोडीचा पाय घसरला. ती गुडघ्यांवर आपटली, ओली झूल पायांत गुंतली आणि उठता उठता ती दोनदा पुन्हा पडली. मालक सुटले, घोडीही सुटली. दोन्ही गुडघे सोलले होते, ते पंधरा दिवसांत भरून आले.

पण बिजली त्या दिवसापासून पाण्याला जाईना. ओढा दिसला की पन्नास पावलांवर थांबायची, कान टवकारायची, नाकपुड्या फुलवायची आणि मागे सरायची. ओढलं की दोन पायांवर उभी राहायची. पुढे पुढे तर रस्त्यावरच्या डबक्यालाही बाजूनं जायला लागली.

आता यात बाईचं काय गेलं ते सांगतो. पूर्वी ताई घोडीला ओढ्यावर नेऊन पाणी पाजायची. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी जास्तच. घोडी ओढ्याला जात नाही म्हटल्यावर ते पाणी हापशावरून डोक्यावर आणायचं. म्हणजे घरचं पाणी वेगळं आणि घोडीचे तीन हंडे वेगळे. मालकाची अडचण दुसरी होती. पलीकडच्या चार गावांच्या सुपाऱ्या ओढ्यावरून जाऊन करायच्या असतात, पक्क्या रस्त्यानं जायचं तर अकरा किलोमीटरचा वळसा. त्यांनी एकदा काठी काढली, एकदा चाबूक काढला. मग म्हणाले, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत नेऊन विकून टाकतो.

नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे. पण बुजरी घोडी बाजारात लपत नाही. घेणारा लगाम धरतो, चार ठिकाणी फिरवतो आणि निम्म्या किमतीत मागतो. दिवाळीनंतरच्या मीटिंगला ताई हप्ता पुढे ढकलायला आली तेव्हा हे सगळं आमच्यापुढे आलं. एक बाई म्हणाली, विक आणि मोकळी हो. दुसरी म्हणाली, घोडी गेल्यावर साजाचं कर्ज काय गोंडे विकून फेडणार? खूप वेळ तेच चाललं. शेवटी यात्रेला सहा आठवडे होते, तेवढे मागून घ्यायचे असं ठरलं. मालक नाराजीनंच हो म्हणाले. त्यांची अट एकच होती, घोडीचा पाय मोडला तर गटानं भरून द्यायचं.

आम्हाला घोड्यातलं काही कळत नव्हतं. शेजारच्या गावात एक आजोबा आहेत, मेंढरांमागे उभा जन्म काढलेले. दरवर्षी दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, तट्टावर बिऱ्हाड लादायचं, त्यावर कोंबड्या आणि लहानगी पोरं बसवायची आणि वाटेतल्या नद्या उतारानं पार करायच्या, असं त्यांचं आयुष्य गेलं. आता मेंढरांमागे नातू जातो. आजोबा घरी असतात आणि त्यांच्यासोबत एक म्हातारं तट्टू. आम्ही त्यांना बोलवायला गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "घोडीला कुठं दुखतंय का ते पाहिलं का?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

मग तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी गुडघे दाबून पाहिले, डोळे पाहिले, चारही खूर उचलून पाहिले. पुढच्या डाव्या पायाचा नाल ढिला निघाला. ढिल्या नालानं ओल्या सिमेंटवर पाय घसरणारच. जखम झाली तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. दिलेलं नव्हतं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला तर जनावर वाचणं कठीण, हे आम्हाला तेव्हा कळलं. लस दिली, नालबंदाकडून नाल बसवून घेतले. ज्यांच्याकडे घोडा, खेचर किंवा गाढव आहे त्यांनी एवढं तरी आज लक्षात ठेवा.

डॉक्टरबाईंनी घोड्याच्या डोळ्याबद्दल सांगितलं ते आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण अगदी कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. म्हणजे ज्या जागी पाय ठेवायचा ती जागा पाय ठेवताना त्याला दिसत नाही. ती त्यानं आधीच पाहून ठेवलेली असावी लागते, आणि त्यासाठी त्याला मान खाली-वर करावी लागते. त्यात पाण्यावर ऊन चमकत असलं की तळ दिसत नाही. ते वीतभर आहे की पुरुषभर, त्याला काय कळणार? आपण मात्र लगाम आवळून मान वर धरतो आणि मागून फटका देतो. म्हणजे आधी डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मग विहिरीच्या काठावर ढकलायचं.

मारण्याबद्दल अजून एक. तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीस देशात झेनोफन नावाच्या सरदारानं घोड्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं सांगून ठेवलं आहे की घोडा एखाद्या वस्तूला बुजला आणि आपण त्याला तिथं मारलं, तर त्याला वाटतं की हे दुखणं त्या वस्तूमुळेच होतंय. मग भीती दुप्पट होते. बिजलीचं तेच झालं होतं. आधी पाण्यात पडली, मग पाण्याजवळ मार खाल्ला. पाणी म्हणजे दुखणं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

आजोबांनी पहिले आठ दिवस ओढ्याचं नावच काढू दिलं नाही. जे केलं ते अंगणात. बिजली जिथं उभी राहते तिथली जमीन रोज भिजवायची आणि तिला तिथंच तोबरा बांधायचा. पहिल्या दिवशी ती ओल्या मातीवरून कोरड्यावर सरकली. आम्ही सरकू दिली. तिसऱ्या दिवशी पायाखाली ओल आहे हे विसरून ती हरभरा खात होती. मग तांब्यानं पाणी. आधी खुरावर, मग घोट्यावर, मग गुडघ्यापर्यंत. पोटावर एकदम ओतायचं नाही. पाय झटकला तर थांबायचं, पण ती पाय झटकत असताना निघून जायचं नाही. ती क्षणभर शांत झाली की लगेच पाणी थांबवायचं. यातली मेख बघा. जनावर ज्या क्षणी आपलं म्हणणं ऐकतं त्या क्षणी आपण ताण सोडला, तर त्याला कळतं की असं केलं की सुटका होते. आपण मात्र उलटं करतो. ते ऐकत असतं तेव्हा आणखी ओढतो आणि ते चिडलं की सोडून देतो. मग ते चिडायलाच शिकतं. (हे पोरांनाही लागू आहे असं एक बाई म्हणाली. सासूलाही, असं दुसरी म्हणाली. आम्ही वहीत नोंद केली नाही.)

पुढचे चार दिवस ओलं पोतं. वाटेत गोणपाट अंथरायचं, ते भिजवायचं आणि घोडीला त्याच्यावरून न्यायचं. पहिल्यांदा ती उडी मारून पलीकडे गेली. हे फार महत्त्वाचं आहे बायांनो. बुजलेला घोडा पाणी दिसलं की चालत जात नाही, उडी मारतो. म्हणून त्याच्या पुढे उभं राहून ओढायचं नाही, तो तुमच्या अंगावरच येईल. बाजूला, खांद्याजवळ चालायचं. दोर लांब ठेवायचा. आणि दोराला हाताचा विळखा कधी द्यायचा नाही. आमच्यातल्या एकीनं दिला. तळहात सोलून निघाला, दोन आठवडे भाकरी थापता आली नाही. आजोबा तिला काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातांत दोर कसा धरलाय ते एकेक करून तपासलं.

मग हापशाजवळचं डबकं. मुद्दाम असं निवडलं की बाजूनं जायला वाट नव्हती. पण त्या दिवशी आमचं चुकलं. बातमी फुटली आणि अर्धी वाडी बघायला जमली. पोरं टाळ्या वाजवायला लागली, कुणीतरी मोबाइल धरला, एक मामा लांबून ओरडले, "अगं, मागून काठी लावा!" बिजली थरथर कापायला लागली. आजोबांनी तिला तिथूनच परत फिरवली. आम्हाला वाटलं हरलो. ते म्हणाले, पाठीमागून शंभर माणसं ओरडत असताना तुमच्यातली कोणती बाई बँकेत पहिला फॉर्म भरायला गेली असती? दुसऱ्या दिवसापासून पहाटे, तिघींच्या वर माणूस नाही.

अठराव्या दिवशी ओढा. फरशीकडे गेलोच नाही. जिथं पडली ती जागा सगळ्यात शेवटी. फरशीच्या वर दोनशे पावलांवर ओढा पसरट आहे, काठ सपाट आहे, तळाला घट्ट वाळू आहे, पाणी घोट्याइतकं. आदल्या संध्याकाळी आम्ही स्वतः अनवाणी त्यातून तीनदा फिरलो. बाटलीची काच, तार, काटे वेचून काढले. गाळ कुठं आहे तिथं काठ्या रोवल्या. जिथं आपला पाय रुततो तिथं घोड्याला न्यायचं नाही, कारण रुतलेला घोडा घाबरून स्वतःचाच पाय मोडून घेतो. वेळ अशी धरली की ऊन समोरून पाण्यावर चमकणार नाही.

आणि सोबत आजोबांचं तट्टू. ठेंगणं, मातकट रंगाचं, एक कान फाटलेला. दिसायला काही नाही. पण आपल्या दख्खनच्या तट्टांचा इतिहास आठवा. ज्या मलिक अंबरानं १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजचं आपलं हे शहर, त्याचं सैन्य अशाच चपळ घोड्यांवर लढायचं. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा, असं सभासदाच्या बखरीत आहे. पाणी आणि नाल, दोन्ही मोजून. आणि भीमथडी घोड्याच्या तर नावातच पाणी आहे, थडी म्हणजे नदीचा काठ. आजोबांच्या तट्टाला यातलं काही माहीत नव्हतं. ते सरळ पाण्यात गेलं, मधोमध उभं राहिलं, मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागलं.

बिजली काठावर. मान वर, खाली, परत वर. ताईच्या हातात दोर, पण सैल. आजोबांनी तिला सांगून ठेवलं होतं, घोडीचं तोंड पाण्याकडे असू दे, बाकी काही मागू नको. एक पाऊल पुढे आली तर दोर आणखी सैल. मागे गेली तर जाऊ दे, पण तोंड फिरवू देऊ नको. आम्ही दोघी बाभळीखाली बसून होतो. अर्धा तास काही झालं नाही. रेडिओवर अर्धा तास म्हणणं सोपं आहे. मग बिजलीनं पुढचा एक पाय पाण्यात ठेवला आणि लगेच काढला. ताईनं तिच्या मानेवर हात फिरवला आणि घोडी घरी आणली.

आम्हाला राग आला. एवढ्या लांब आलो, पाय टेकवला, लगेच परत? आजोबा म्हणाले, आज तिला इथं काही दुखलं नाही, एवढंच तिनं घरी न्यायचं. लोभ केला असता तर दुसरा पाय टाकला असता, आणि तिसऱ्याला उधळली असती.

दुसऱ्या दिवशी दोन पाय. तिसऱ्या दिवशी चारही. चौथ्या दिवशी ती पाण्यात उभी राहून पुढच्या पायानं पाणी खणायला लागली, खूप जोरात, सगळीकडे शिंतोडे. आम्हाला वाटलं चिडली. आजोबा ओरडले, पुढे चालव, पुढे चालव! घोडा पाण्यात असा खणायला लागला की बऱ्याचदा तो लोळायच्या बेतात असतो. पाठीवर खोगीर असेल किंवा माणूस असेल तर घात. भीती गेल्याचं लक्षण चांगलं, पण लोळू द्यायचं नाही.

सरळ वर चढत गेली असं नाही. बाविसाव्या दिवशी वरून एक पांढरी प्लास्टिकची पिशवी वाहत आली, फुगलेली. बिजलीनं ती पाहिली आणि दोरासकट पळाली. पुन्हा काठापासून सुरुवात, चार दिवस गेले. आता आमच्या वाडीत ओढ्यात कचरा टाकताना बाया इकडेतिकडे बघतात, कारण ताई भांडायला येते.

मालक पहिले तीन आठवडे फिरकले नाहीत. एका सकाळी आले आणि बाभळीजवळ उभे राहिले. त्यांची बायको घोट्याइतक्या पाण्यात उभी होती, दोर खांद्यावर टाकलेला, आणि घोडी पाणी पीत होती. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मोठे मोठे घोट घेत होती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. त्या दिवशी त्यांनी बिजलीला हात लावला तेव्हा ती मागे सरली, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मग पुढचे दिवस खरं शिक्षण त्यांचंच झालं. टाच मारायची नाही, लगाम आखडायचा नाही, पाण्यात आपणच श्वास रोखून धरायचा नाही. माणूस आखडला की पाठीखालच्या घोड्याला ते लगेच समजतं.

फरशी शेवटच्या आठवड्यात घेतली. आधी सगळ्यांनी मिळून खराट्यानं शेवाळ घासून काढलं, मग पाणी कमी असताना तट्टामागून बिजलीला नेली. तिथं ती थांबली, बराच वेळ थांबली. कुणी काही म्हटलं नाही. मग गेली.

माळेगावला मालक गेले, पण घोडीशिवाय. खंडोबाचं दर्शन घेऊन आले.

आता हे ऐकून कुणी उद्याच घोडं घेऊन निघेल, म्हणून कुठं न्यायचं नाही ते सांगतो. कालव्यात नाही. जायकवाडीचा डावा कालवा दोनशे आठ किलोमीटर आणि उजवा एकशे बत्तीस किलोमीटर, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या शेताजवळून जातात. काठ उतरते आणि गुळगुळीत, घोडा आत गेला तर त्याला वर चढता येत नाही. शेततळ्यात तर मुळीच नाही. प्लास्टिकच्या कागदावर खूर ठरत नाही, जनावर पोहून पोहून थकतं. पोहायला येणं वेगळं आणि बाहेर येता येणं वेगळं. नाथसागरातून पाणी सोडल्याचा निरोप आला असेल तर गोदाकाठी जनावर नेऊ नका. आणि गढूळ वाहत्या पाण्यात कधीच नाही. आपल्या गुडघ्याइतकं वाहतं पाणी माणसाला पाडतं. घोड्याला धीर द्यायचा म्हणजे त्याला पुरात घालायचं असं नाही.

हे शेवटचं मालकांना आम्ही शिकवलं होतं, पण ते वैशाखात कसाला लागलं. पलीकडच्या गावात परण्या होता. दुपारी बिजली फरशीवरून चालत गेली, पाणी नव्हतंच म्हणा. संध्याकाळी लग्न लागलं आणि अवकाळी आला. विजा, गारा, दीड तास. रात्री दहाला मालक आणि त्यांचा भाऊ घोडीला घेऊन ओढ्यावर आले तेव्हा फरशी दिसत नव्हती. पाण्याचा नुसता आवाज. भाऊ म्हणाला, आता शिकलीय ना ती, घाल पुढं. बिजली थांबली होती, कान पुढे, मान खाली-वर. इकडे घरी ताई फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. आम्हाला तिनं रात्री अकराला उठवलं. फरशीच्या अलीकडच्या बाजूला आम्ही पाच-सहा जणी बॅटऱ्या घेऊन उभ्या होतो, पलीकडे त्यांची बॅटरी दिसत होती. आवाज पोचत नव्हता. ताईनं बॅटरी आडवी हलवली, नको, नको म्हणून. पलीकडची बॅटरी थोडा वेळ तशीच होती. मग वळली आणि मागे गेली. रात्र त्यांनी तिकडच्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर काढली, घोडी खांबाला बांधून.

पहाटे पाणी उतरलं तेव्हा फरशीची खालच्या अंगाची कड दोन हात वाहून गेलेली दिसली. वाडीत लगेच सुरू झालं की घोडीला आधीच कळलं होतं. आम्ही तसं म्हणणार नाही. अंधार होता, पाणी गढूळ होतं, तिला तळ दिसत नव्हता म्हणून ती थांबली. पण आधीच्या वर्षी त्याच ठिकाणी थांबली असती तर काठी बसली असती, आणि या वर्षी तिचा मालकही थांबला. सकाळी आठला दोघं वरच्या वाळूच्या उतारानं पायी आले, घोडी मधे. ताईनं आधी घोडीचे चारही पाय चाचपले आणि मग नवऱ्याला चहा दिला.

कर्जाचे चार हप्ते राहिलेत. दुसऱ्या दिवशीची एक सुपारी त्या रात्रीमुळे बुडाली, ती बुडालीच. हापशावर ताई आता घरापुरतेच हंडे भरते.

मागच्या मीटिंगला दुसऱ्या गावच्या काही बाया विचारायला आल्या होत्या की आजोबांचं ते तट्टू विकायचं आहे का. तर आजोबांनी निरोप दिला आहे, विकायचं नाही, पण सकाळी सातच्या आत आलात तर घेऊन जा आणि दुपारपर्यंत परत आणून बांधा. येताना त्याच्यासाठी गुळाचा खडा आणा.